पाळण्यातले नाव, रजिस्टरातले नाव

आमच्या धाकट्या भावाच्या घरी गेल्या वर्षी नात जन्माला आली. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली आणि तिसऱ्याच दिवशी नावावरून घरात तट पडले. पुतण्याला आणि सूनबाईला छोटे, जुने आणि वर्गात दुसऱ्या कुणाचे नसेल असे नाव हवे होते. भावजयीला पत्रिकेतून निघालेल्या अक्षराचे हवे होते. भावाच्या मनात काय होते ते त्याने दोन दिवस सांगितलेच नाही. आम्ही प्राथमिक शाळेत मराठी शिकवतो, म्हणून नावांची यादी करण्याचे काम साहजिकच आमच्या गळ्यात पडले. यादी करता करता जे हाती लागले ते या स्मरणिकेसाठी लिहून पाठवीत आहोत, कारण ते आमच्या एका घरापुरते नाही असे वाटते.

सुरुवात आम्ही आमच्या जुन्या हजेरीपटांपासून केली. १९९० नंतरच्या वर्षांत आम्ही शिकवू लागलो तेव्हा वर्गात सुनीता, अनिता, कविता असत आणि त्यांच्या पाठोपाठ 'देवी' किंवा 'कुमारी' हे दुसरे नाव ठरलेले. मग काजल, करिश्मा आणि माधुरी आल्या. त्या कुठून आल्या हे वाचकांना सांगायला नको, घरोघर हिंदी चित्रपटांच्या कॅसेटी फिरत होत्या. एका वर्षी आमच्याकडे तीन काजल होत्या. त्यांना आम्ही मोठी, मधली आणि चष्मेवाली असे म्हणत असू. पुढे श्रेया, रिया, दिया आल्या. आता कियारा आणि अनाया आहेत. मुली गोड आहेत, नावेही गोड आहेत, परंतु त्यांतल्या एकाही नावाचा रत्नागिरीशी, साताऱ्याशी किंवा आपल्या कास्कावेलशी काही संबंध दिसत नाही.

सूनबाईने स्वतः काढलेल्या यादीत रेवा, ईरा, मीरा अशी नावे होती. जुनी खरीच, पण ती आपल्या घरातली नव्हती. म्हणून आम्ही तिला सहज म्हटले, "जुनेच हवे तर आपल्या घरातले घेऊ या की." ती लगेच म्हणाली, "सांगा ना आत्या, कोणकोण होत्या आपल्या घरात?"

आणि आम्हाला सांगता येईना. पुरुषांची नावे भावाने पाच पिढ्यांपर्यंत धडाधड म्हणून दाखविली. बायकांची नावे आमच्या आजीपाशी संपली. आजीच्या सासूचे नाव घरात कुणालाच माहीत नव्हते. तीस वर्षांहून अधिक काळ मुलांना जिजाऊ आणि अहिल्याबाई शिकविणाऱ्या आम्हाला आमच्या पणजीचे नाव ठाऊक नव्हते, हे लिहायला संकोच वाटतो, पण खरे आहे.

असे का झाले याचा विचार करू लागलो तेव्हा एकेक कारण उलगडत गेले.

पहिले कारण आपल्या आडनावातच आहे. १८३९ मध्ये बंद झालेली मजुरांची वाहतूक १८४२ च्या कायद्याने पुन्हा सुरू झाली आणि कलकत्ता, मद्रास यांच्याबरोबर मुंबई बंदरातूनही मॉरिशसला माणसे येऊ लागली. पोर्ट लुईसच्या डेपोत, म्हणजे आजच्या आप्रवासी घाटावर, प्रत्येकाला एक नंबर मिळाला आणि नंबरापुढे नाव लिहिले गेले. ते बहुतेक एकच नाव असे, रामजी, राघोजी, बाबाजी, सखाराम, पांडू, बापू असे काहीतरी. मूळचे आडनाव असले तरी ते विचारणारा आणि सांगणारा दोघेही घाईत होते. पुढे त्या माणसाला मुले झाली, त्यांची जन्मनोंद करायची वेळ आली, आणि इथल्या फ्रेंच वळणाच्या दप्तराला तर घराण्याचे नाव लागते. तेव्हा बापाचे नाव तेच घराण्याचे नाव ठरले आणि तिथेच गोठले. म्हणून आजही 'जी'ने संपणारे आडनाव ऐकले की शेजारी ओळखतात, हे बोम्बाई, मुंबईकडून आलेले.

म्हणजे पाहा, कोकणातल्या कुठल्याशा आईने दोनशे वर्षांपूर्वी आपल्या मुलाला पाळण्यात ठेवलेले 'सखाराम' हे नाव आज पासपोर्टावर आहे, दुकानाच्या पाटीवर आहे, फुटबॉलच्या संघाच्या यादीत आहे. त्याच आईने त्याच पाळण्यात मुलीला ठेवलेले नाव त्या मुलीबरोबर गेले. पुरुषाचे नाव आडनाव होऊन टिकले. बाईचे नाव टिकायचे तर ते पुन्हा एखाद्या मुलीलाच ठेवावे लागते, त्याला दुसरी वाट नाही.

याला एक अपवाद आहे आणि तो आपल्या समाजात हळू आवाजात सांगितला जातो. आपल्या पूर्वजांची लग्ने मांडवात, देवासमोर, जातभाईंच्या साक्षीने झाली. पुष्कळांनी ती सरकारी कचेरीत नोंदविली नाहीत. कायद्याच्या लेखी असे लग्न लग्नच नव्हते, म्हणून कित्येक मुलांच्या दाखल्यावर बापाऐवजी आईचे नाव चढले आणि काही घराण्यांत ते आडनाव होऊन राहिले. अशा घरांतली मंडळी हा विषय निघाला की पाण्याचा ग्लास आणायला आत जातात. आम्हाला त्यात लाजण्यासारखे काही दिसत नाही. उलट ज्या मोजक्या बाया आडनाव होऊन जिवंत राहिल्या, त्या याच.

दुसरे कारण आपल्या रीतीरिवाजात आहे, आणि त्याचा दोष गोऱ्या साहेबावर टाकता येत नाही. आपल्याकडे सुनेने सासू-सासऱ्यांचे नाव उच्चारायचे नाही. आजी-आजोबांचे नाव नातवंडांना ठेवण्याची चाल होती खरी, पण ठेवले तरी आईला ते तोंडाने घेता येत नसे. मग त्या मुलाला बाबा, बाळ, मुलीला ताई, माई असे दुसरेच काही म्हणायचे. आमच्या आजीने तिच्या सासूला जन्मभर 'आये' म्हटले. आमच्या वडिलांनीही तिला 'आये'च म्हटले. ती गेली तेव्हा घरात तिचे नाव माहीत असलेला एकच माणूस होता, तिचा नवरा, आणि त्याने तर ते नाव कधी घेतलेच नव्हते. त्यात लग्नात मुलीचे नाव बदलण्याची पद्धत. माहेरचे एक, सासरचे एक, आणि इथे आल्यावर मॉरिशसच्या क्रेओलमधले लाडाचे नाव, ज्याला आपण 'नों गाते' म्हणतो, ते तिसरे. बाई एक, नावे तीन, आणि दोन पिढ्यांनंतर एकही नाही.

आमच्या घरातला शोध पुढे सरकला तो अगदी वेगळ्याच निमित्ताने. मार्च २०२४ मध्ये आपल्या राष्ट्रीय दिनाला भारताच्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू आल्या होत्या आणि सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासीयांना भारताचे ओसीआय कार्ड मिळेल असे त्यांनी जाहीर केले. त्यानंतर पुष्कळ घरांत कागदपत्रांची शोधाशोध सुरू झाली. आमच्या पुतण्यानेही मोका येथील महात्मा गांधी संस्थेत अर्ज केला होता. आपल्या आप्रवासींची रजिस्टरे तिथे जपून ठेवलेली आहेत. स्वतःचा, बापाचा, आजोबांचा असे जन्माचे आणि लग्नाचे दाखले एकामागून एक लावत गेले की शेवटी जहाजातून उतरलेल्या माणसाचा नंबर सापडतो. पुतण्याला मूळ पुरुष सापडला, त्याचा उतारा मिळाला आणि तो फायलीत गेला. अर्जापुरते काम झाले होते.

बाळाच्या नावाची चर्चा निघाल्यावर आम्ही ती फाईल मागवून घेतली. पुतण्याने जाता जाता सांगितले, "आत्या, त्याच्या पुढच्या नंबरावर एक बाई होती, तेव्हा मी तिकडे लक्ष दिले नाही."

आम्ही शाळेच्या सुट्टीत मोक्याला गेलो. जहाजातून एकत्र उतरलेल्या कुटुंबाचे नंबर ओळीने असतात. आमच्या मूळ पुरुषाच्या लगतचा नंबर बाईचा, तिच्या पुढचा दोन वर्षांच्या मुलाचा. बाईचे वय बावीस. जिल्हा रत्नागिरी, तेव्हाच्या इंग्रजी वळणाने 'रत्‍नाघेरी' असा लिहिलेला. गावाचे नाव अजून आम्हाला लागलेले नाही. ओळख पटण्यासाठी अंगावरची खूण लिहीत, तिथे कपाळावर गोंदण असल्याची नोंद. आणि नाव? पहिले अक्षर इंग्रजी 'ई', मग दोन 'एस', मग दोन 'ओ'. एस्सू.

बरोबर आलेल्या सूनबाईला ते मुसलमानी नाव वाटले. आम्हालाही क्षणभर उमगले नाही. मग त्या कारकुनाच्या जागी बसून विचार केला. समोर कोकणातली बाई उभी आहे, नाव विचारल्यावर पदर सावरून हळूच सांगते आहे. कारकुनाच्या कानाला सुरुवातीचा 'य' पोहोचलेलाच नाही. येसू!

मुले शुद्धलेखन चुकतात तेव्हा ती कशी ऐकतात हे कळते. तीस वर्षे हेच तपासत आलो, त्याचा उपयोग अखेर इथे झाला. त्या रजिस्टरांत आपल्या बायकांची नावे अशीच दडलेली आहेत. शेवटी दोन 'ओ' असतील तर तो आपला 'ऊ', दोन 'ई' असतील तर आपली 'ई'. 'ळ' आणि 'ण' यांना साहेबाच्या लिपीत घरच नाही, म्हणून बाळू, साळू यांचा 'ल' झाला. 'भ'चा 'ब' झाला, 'ख'चा 'क' झाला, आणि सखू, भागी, रखमा यांचे महाप्राण गेले. ही किल्ली हातात धरून वाचले तर गंगू, चंद्री, काशी, पारू, गोदा अशी आपल्या पाठच्या गावांतली माणसे त्या पानांवर उभी राहतात.

येसू जहाजावर आली ती नवऱ्याबरोबर. त्या काळी पुष्कळ बायका स्वतः करार न लिहिता कुटुंबातली माणसे म्हणून आल्या. जहाजावर पुरुषांच्या प्रमाणात ठराविक बायका असल्याच पाहिजेत असा नियमही सरकारने पुढे केला होता. करार नसला म्हणून काम चुकले असे मात्र नाही. इतिहासकार मरीना कार्टर यांनी एकोणिसाव्या शतकात मॉरिशसला आलेल्या भारतीय बायकांवर 'लक्ष्मीज लेगसी' हे पुस्तक १९९४ मध्ये लिहिले. त्यात या बायकांच्या जबान्या आणि अर्ज आहेत. ज्यांना आपला इतिहास फक्त ऊस तोडणाऱ्या पुरुषांचा वाटतो त्यांनी ते अवश्य पाहावे. पुतण्याने छायाचित्राची आशा धरली होती. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरांना छायाचित्र लावलेले तिकीट जवळ बाळगावे लागे, त्यांतली पुष्कळ छायाचित्रे मोक्याला आहेत. येसूचे मिळाले नाही. कपाळावर गोंदण होते एवढे कळले.

पणजीचे नाव त्यानंतर एका मृत्यूच्या दाखल्यावर सापडले, तिथे ते साळू असे वाचता आले. आजीचे तर माहीतच होते, धोंडी. घरी परतताना आमच्या हातात तीन नावे होती आणि आम्हाला वाटले, आता काम संपले. पण खरा वाद त्यानंतरच सुरू झाला.

साळूचा निकाल सूनबाईने पाच मिनिटांत लावला. तिने ते नाव फ्रेंच ढंगाने म्हणून दाखविले आणि आम्ही सगळेच गप्प झालो. फ्रेंचमध्ये त्याच्या अगदी जवळचा उच्चार असलेली एक शिवी आहे, शाळेच्या मैदानात ती दिवसातून चार वेळा ऐकू येते. या बेटावर जुने नाव निवडताना ही चाळणी लावावीच लागते. पुतळा हे किती भारदस्त नाव, शिवाजी महाराजांच्या राणीचे! पण त्याची सुरुवात फ्रेंच कानाला अशी लागते की आम्ही शिक्षक म्हणून कोणत्याही आईला ते सुचविणार नाही. महाराष्ट्रात छापलेली नावांची पुस्तके पाहून नाव ठरविणाऱ्यांनी ते एकदा क्रेओलमध्ये आणि एकदा फ्रेंचमध्ये मोठ्याने म्हणून पाहावे, एवढी आमची विनंती आहे. पोरीला अकरा-बारा वर्षे तेच मैदान वापरायचे असते.

राहिली दोन. आणि इथे भाऊ पहिल्यांदा बोलला. त्याला धोंडी हवे होते.

आमच्या आजीने भावाला वाढविले. आई उसात कामाला जायची, तो आजीच्या पाठीवर असायचा. आजी गेली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, आणि तेव्हापासून मुलीचा विषय निघाला की तिचेच नाव त्याच्या मनात होते. त्याचा मुलगा जन्मला, मुलगी झाली नाही. आता नात झाली. "जुने पाहिजे ना तुम्हाला? यापेक्षा जुने काय असणार?" एवढेच तो म्हणाला आणि बाहेर जाऊन बसला.

धोंडी या नावाचा अर्थ आधी सांगितला पाहिजे. आपल्या जुन्या नावांत देवादिकांची आहेत, गंगा, भागीरथी, कृष्णा अशी नद्यांची आहेत, काशी, द्वारका अशी तीर्थांची आहेत, पंढरीची रखमा आणि राही आहे, मुक्ता, जना, सखू, बहिणा अशा संतांची आहेत. त्यांच्याच शेजारी दुसरी एक रांग आहे, धोंडी, दगडी, भिकी, केरी. मुले वाचत नसत, तेव्हा पुढच्या मुलाला मुद्दाम दगडाचे किंवा केराचे नाव ठेवीत, म्हणजे मृत्यूला ते उचलावेसे वाटू नये. मुलांतही धोंडू, दगडू, भिकू आहेत. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव त्याच जातीचे. अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात, त्या महिन्यात जन्मलेल्यांनाही धोंडू, धोंडी ठेवीत. आजीच्या जन्मदाखल्यावरची तारीख आम्ही पंचांगाशी ताडून पाहिली, जुळली नाही. तिच्या आधीची दोन भावंडे पाळण्यातच गेली होती हे मात्र आम्ही तिच्याच तोंडून ऐकले होते. म्हणजे तिच्या आईबापांनी ते नाव प्रेमाने आणि धास्तीने ठेवले होते.

परंतु तिसरीही एक रांग आहे आणि ती प्रेमाची नाही. मुलगा हवा असताना मुलीमागून मुलगी झाली की तिला नकुशी म्हणायचे, नको असलेली. हे जुन्या काळातच राहिले असे समजू नये. आपल्यातल्या कित्येकांचे पूर्वज ज्या भागातून आले त्या सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबरात २८५ मुलींची असली नावे समारंभ करून बदलण्यात आली. रजिस्टरात सापडले म्हणून प्रत्येक नाव पुन्हा पाळण्यात घालण्याच्या लायकीचे असते असे नव्हे. नाव जुने आहे यापेक्षा ते कुणी कशासाठी ठेवले होते हे आधी पाहिले पाहिजे, असे आमचे मत झाले आहे.

मग धोंडी तर प्रेमाचे नाव. ते का नको? आमचा नकार अर्थासाठी नव्हताच. तो आजीसाठी होता.

आजी आपले नाव कुणाला सांगत नसे. सरकारी कचेरीत कारकुनाने नाव पुकारले की उत्तर देण्याआधी ती आजूबाजूला पाही. आमच्या वस्तीच्या तोंडाशी चिनी माणसाचे दुकान होते. उधारीचा हिशोब छोट्या वहीत असे, ज्याला आपण 'कार्ने' म्हणतो, आणि घरोघरची वही बाईच्या नावावर असे. आमच्या घरच्या वहीवर लक्ष्मी असे नाव होते. आम्ही लहान असताना समजत होतो की ती वही दुसऱ्या कुणाची आहे आणि आजी चुकून घेऊन आली आहे! एकदा विचारले तेव्हा ती हसली. दुकानदाराने पहिल्यांदा नाव विचारले तेव्हा तिच्या तोंडून लक्ष्मी निघाले होते. तीस-चाळीस वर्षे ती त्या दुकानात लक्ष्मी होती. तांदूळ, तेल, सुकी मासळी, सारे लक्ष्मीच्या नावावर आणि पैसेही लक्ष्मीच फेडी.

आमची धाकटी बहीण जन्मली तेव्हा कुणीतरी आजीचे नाव सुचविले होते. आजी तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत शेक देत होती. तिथूनच तिने सांगितले, "माझे नाव कुणाला ठेवू नका. माझ्याबरोबर जाऊ द्या." आम्ही तेव्हा नऊ वर्षांचे होतो, दाराशी उभे होतो. भाऊ पाच वर्षांचा होता, त्याला आठवत नाही.

हे आम्ही त्याला सांगितले तेव्हा तो रागावला. इतकी वर्षे का नाही सांगितले म्हणून. त्याचे बरोबरच होते. आम्हाला तरी ते सांगण्याचे कारण कधी पडले नव्हते. दोन दिवस तो आमच्याशी नीट बोलला नाही.

येसूच्या नावाबद्दल मात्र आम्ही निर्धास्त होतो. हे यशवंत, येसाजी यांच्या घरातले नाव. संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई याही रत्नागिरी भागातल्याच, शृंगारपूरच्या शिर्क्यांच्या कन्या. त्यांचे माहेरचे नाव जिवूबाई, सासरी येसूबाई झाले, म्हणजे नाव बदलण्याची गोष्ट राणीलाही चुकली नव्हती. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा त्या मोगलांच्या कैदेत गेल्या आणि सुटून परत आल्या १७१९ मध्ये. सूनबाईला हे काही माहीत नव्हते. तिने तीस वर्षे हा आकडा दोनदा विचारून घेतला आणि म्हणाली, "मग हेच." पत्रिकेतले अक्षर वेगळे होते. भावजयीने ते अक्षर कानात सांगण्याच्या नावासाठी राखून ठेवले आणि तिचे समाधान झाले.

शेजारची एक ख्रिस्ती बाई बाळाला पाहायला आली, तिने मात्र नाव ऐकून हात जोडले. तिला ते येशूचे नाव वाटले. मराठीत तर येसू आणि येशू यांत एका अक्षराचेच अंतर आहे. आम्ही समजावून सांगितले, तिने बाळाच्या हातात शंभर रुपये ठेवले आणि म्हणाली, दोन्ही चांगलेच.

बाराव्या दिवशी बारसे झाले. मंडळातल्या बायका पाळणे म्हणायला आल्या. बाळाच्या आत्याने, म्हणजे आमच्या भाचीने, कानात नाव सांगितले. जुन्या बायकांनी ते ऐकून एकमेकींकडे पाहिले, कारण त्यांच्या आठवणीतल्या येसू या सगळ्या अनवाणी उसात जाणाऱ्या होत्या. एक आजी उघडच म्हणाली, "एवढी शिकलेली माणसे आणि पोरीला गड्याचे नाव?" नाव बाईचेच आहे हे तिला ठाऊक होते. तिला म्हणायचे होते ते वेगळे होते, आणि ते आम्हाला कळले. आम्ही तिच्या पानात पुरणपोळी जास्त वाढली.

मग राहिली सरकारी नोंद. मराठीत नाव लिहायला दोन अक्षरे पुरतात, पण दाखल्यासाठी ते रोमन लिपीत बसवावे लागते. शेवटी नुसता 'यू' लिहिला तर फ्रेंच माणूस ओठ आवळून 'येस्यू' म्हणणार, म्हणून 'ओ' आणि 'यू' असे दोन्ही घ्यायचे ठरले. 'एस' आम्ही एकच घेतला होता. जुन्या कारकुनाने दोन लिहिले ती त्याची चूक, असे आम्ही मोठ्या विश्वासाने सांगितले. कचेरीतल्या मुलीने तो कागद पाहून वाचला, "येझू?" दोन स्वरांच्या मध्ये एकच 'एस' आला की फ्रेंचमध्ये त्याचा 'झ' होतो! हे आम्ही शाळेत शिकलो होतो आणि विसरलो होतो. त्या कारकुनाला 'य' ऐकू आला नव्हता, पण 'स' त्याने नीट ऐकला होता आणि तो बिघडू नये म्हणून दोनदा लिहिला होता.

पुतण्याने कागदावर दुसरा 'एस' घातला. मुलीने विचारले, दुसरे नाव काही आहे का? पुतण्याने भावाकडे पाहिले. इतका वेळ भिंतीशी उभा असलेला भाऊ पुढे आला आणि म्हणाला, "लक्ष्मी. लिहा."